नेत्याचा चेहरा आणि माणसांची भिंत

मराठी चित्रपटात राजकीय नेता बहुधा दोनच रूपांत भेटतो. एकतर गळ्यात हार घातलेला, नाहीतर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केलेला. हार घातलेल्या नेत्याचे चरित्रपट त्याला मानणारी माणसेच काढतात आणि त्यात लपवण्यासारखेही काही नसते. २०१९ चा 'ठाकरे' हा चित्रपट शिवसेनेचे तत्कालीन खासदार संजय राऊत यांच्या पुढाकाराने निघाला. 'धर्मवीर'चा पहिला भाग मे २०२२ मध्ये आला आणि दुसरा भाग सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे विधानसभा निवडणुकीला दोन महिने उरले असताना. पिंजऱ्यातला नेता याहून जुना. पांढरे कपडे, बोटात अंगठ्या, मागे चार गुंड, आणि शेवटच्या रिळात शिक्षा. एका प्रकारात नेत्याची आरती होते, दुसऱ्यात त्याच्या नावाने बोटे मोडली जातात. दोन्हींत प्रेक्षक सुखरूप घरी जातो, कारण दोन्हींत त्याचा स्वतःचा काही संबंध आलेला नसतो.

तिसरी शक्यता मराठीत कोणी अजमावली का, हा या लेखाचा प्रश्न आहे. नेत्याविषयीचा असा उपहासपट, जो वास्तवाची चौकट मोडून स्वप्न, भास आणि असंभाव्य घटनांच्या भाषेत बोलतो. आणि असा चित्रपट, जो स्टुडिओच्या किंवा पक्षाच्या पैशांवर उभा नाही. गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या जंगलापासून फार दूर नसलेल्या गावात मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न निव्वळ चित्रपट-इतिहासाचा वाटत नाही. आजच्या विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे, संकलनाची साधने आहेत, आणि आपल्या तालुक्यातल्या पुढाऱ्यावर 'काहीतरी करायचे' ही खुमखुमीही आहे. त्याच्याजवळ नाही ती एकच गोष्ट, रूप. म्हणजे कसे सांगायचे, याचे भान. ते भान देणारी परंपरा मराठीत आहे, आणि आपण ती अभ्यासक्रमात नाटक म्हणून शिकवतो, चित्रपट म्हणून विसरतो.

आधी वास्तववादी परंपरेचे ऋण मान्य करायला हवे. 'सामना' (१९७४) आणि 'सिंहासन' (१९७९) या दोन चित्रपटांनी मराठी प्रेक्षकाला सत्तेचे व्याकरण शिकवले. दोन्हींचे दिग्दर्शक जब्बार पटेल, दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची. 'सामना'चे निर्माते रामदास फुटाणे हे चित्रकला शिक्षक होते, ही गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगतो. साखरसम्राटावरचा चित्रपट एका शिक्षकाने उभा केला आणि १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवाच्या स्पर्धेत पोचला. हिंदुराव धोंडे पाटील या माणसाला निळू फुल्यांनी खलनायक होऊ दिले नाही. त्याने गावाला दिलेले पाणी, रस्ते आणि रोजगार खरे आहेत, आणि गाडलेले प्रेतही खरे आहे. उपकार आणि अपराध एकाच हाताचे असतात, ही त्या चित्रपटाची खरी अंतर्दृष्टी.

'सिंहासन' अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर, पत्रकार असा पट. सगळे काही वृत्तपत्राच्या पानाइतके वास्तव. परंतु त्या चित्रपटाचा शेवट आठवून पाहावा. राजकारणाचा तो सारा खेळ पाहून झाल्यावर दिगू टिपणीस हा पत्रकार रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. दोन तासांचा काटेकोर वास्तववाद त्या हसण्यापाशी येऊन संपतो. बातमीदाराची भाषा पुरी पडली नाही, म्हणून तो हसतो. मला ते हसू एका दाराच्या उंबऱ्यासारखे वाटते. त्या उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकणारा चित्रपट मात्र 'सिंहासन'च्या तीन वर्षे आधीच तयार झाला होता. त्याचे नाव 'घाशीराम कोतवाल'.

नाटकाची हकीकत या पानांच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिला प्रयोग; प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही संस्था; काही प्रयोगांनंतर संस्थेनेच घेतलेली माघार; त्या माघारीतून १९७३ मध्ये जन्मलेली थिएटर अकादमी; पुढे १९८० च्या युरोप दौऱ्यापर्यंत चाललेला विरोध. या वादात पुण्याची बदनामी झाली की नाही, नाना फडणवीस असे होते की नव्हते, यावर बरीच शाई खर्ची पडली. माझ्या मते, नाटकाचा विषय नाना फडणवीस नव्हताच. घाशीरामही नव्हता. नाटकाचा विषय ती भिंत होती.

मागे एका ओळीत उभी असलेली माणसांची भिंत. ती गाते, नाचते, पाठ फिरवते, पडदा होते, बाग होते, देऊळ होते, रंगमहाल होते. कोकणातल्या खेळ्यांच्या ओळीशी तिचे नाते अभ्यासकांनी जोडलेले आहे. पण लोककलेतून उचललेली युक्ती एवढेच तिचे मोल नाही. त्या भिंतीमुळे नाटकात लपवाछपवी होते आणि त्या भिंतीमुळेच ती उघडीही पडते. नाना जे करतो ते भिंतीआड करतो, आणि भिंत तर माणसांची आहे. तिला कान आहेत, डोळे आहेत, पोट आहे. ती सगळे पाहते आणि ताल धरते. घाशीराम अपमानित होतो तेव्हा तीच हसते, तो कोतवाल होतो तेव्हा तीच थरथरते, आणि त्याला दगड पडतात तेव्हा दगडही तिचेच. नाना तेवढा शिल्लक राहतो. आपल्या पापांचा हिशेब कोतवालाच्या नावावर पडेल, हे गणित त्याने नेमणूक करतानाच मांडलेले असते. नेत्याविषयीच्या उपहासाला यापेक्षा नेमका आकार मराठीत सापडलेला नाही. नेता, त्याने पुढे केलेला माणूस आणि दोघांना आडोसा देणारी भिंत.

आता प्रश्न कॅमेऱ्याचा. रंगमंचावर बारा माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली की प्रेक्षक त्यांना भिंत मानतो. तो संकेत आहे आणि संकेत मान्य करायलाच प्रेक्षक तिकीट काढतो. पडद्यावर तसे होत नाही. कॅमेऱ्यासमोर खरी भिंत उभी करता येते, म्हणून माणसांची भिंत तिथे एकदम खोटी, नाटकी दिसू लागते. वाडा खरा, दिवा खरा, घोडा खरा. मग ही माणसे अशी का उभी? नाटकावरून चित्रपट करणारे बहुतेक लोक या अडचणीवर एकच उपाय करतात. ते भिंत काढून टाकतात आणि गोष्ट ठेवतात. 'घाशीराम'च्या बाबतीत गोष्ट ठेवून भिंत काढली, तर उरतो तो सूडाचा ऐतिहासिक मेलोड्रामा.

हे आव्हान ज्यांनी स्वीकारले ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले तरुण होते. 'युक्त' नावाची सहकारी संस्था त्यांनी काढली, कर्ज काढले आणि १९७६ मध्ये चित्रपट पुरा केला. दिग्दर्शक म्हणून चार नावे: के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप. छायालेखनातही बिनोद प्रधान, वीरेंद्र सैनी यांच्यासह चौघे. पटकथा स्वतः तेंडुलकरांची, संगीत नाटकाचेच संगीतकार भास्कर चंदावरकर यांचे. नाना मोहन आगाशे यांनीच केला. घाशीराम मात्र ओम पुरी. कोणा एकाची सही नसलेला चित्रपट. सत्तेच्या एकछत्रीपणावरचा चित्रपट सहकाराने करावा यात योगायोग किती आणि विचार किती, हे बाजूला ठेवू. परिणाम मात्र महत्त्वाचा. कोणी एक मालक नसल्यामुळे कोणाला तरी खूश ठेवण्याची सक्ती नव्हती.

आणि साल पाहा. २५ जून १९७५ च्या रात्रीपासून २१ मार्च १९७७ पर्यंत देशात आणीबाणी होती. त्या काळात नानाचा दरबार, कोतवालाचे परवाने आणि रात्रीच्या झडत्या पडद्यावर आणणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. नाटक १९७२ चे. त्यातली कोतवाली आणीबाणी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली नव्हती. आणीबाणीच त्या कोतवालीच्या मापात येऊन बसली. खऱ्या उपहासाची ही एक खूण मानावी. तो बातमीच्या मागे धावत नाही. बातमी त्याच्यापाशी चालत येते.

या चित्रपटाने भिंतीचे काय केले? लांबच लांब, सलग चालणारे शॉट हे त्याचे उत्तर होते. हंगेरीच्या मिक्लोश यांचो या दिग्दर्शकाच्या शैलीचा प्रभाव त्यावर सांगितला जातो आणि तो दिसतोही. गर्दी चौकटीत शिरते, वळते, पांगते, पुन्हा गोळा होते; कॅमेरा काप न घेता तिच्याबरोबर फिरतो. कापाकापी केली असती तर नाना एका शॉटमध्ये, त्याचे बळी दुसऱ्यात आणि बघे तिसऱ्यात पडले असते. प्रत्येकाला आपापली चौकट मिळाली की प्रत्येकाची जबाबदारीही वेगळी होते. सलग शॉटमध्ये तशी पळवाट नाही. अत्याचार आणि त्याचा प्रेक्षक एकाच श्वासात, एकाच जमिनीवर दिसत राहतात. रंगमंचावर जी भिंत माणसे जोडून उभी राहत होती, ती इथे वेळ जोडून उभी राहिली. रूपांतर म्हणजे काय, हे शिकवायला मला यापेक्षा चांगले उदाहरण माहीत नाही.

या चित्रपटाचे पुढे काय झाले, हेही विद्यार्थ्याला कळले पाहिजे. तो महोत्सवांत दाखवला गेला, चित्रपटगृहात रुळला नाही, आणि कित्येक वर्षे मराठी माणसाला पाहायलाही मिळत नव्हता. बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेने आपल्याकडच्या प्रतीवरून त्याची डिजिटल आवृत्ती केली तेव्हा तो पुन्हा दृष्टीस पडू लागला. पुण्याच्या कोतवालाची आठवण बर्लिनने जपली. मात्र त्यातली माणसे थांबली नाहीत. 'युक्त'नेच पुढे सईद मिर्झांचा 'अरविंद देसाई की अजीब दास्तान' (१९७८) काढला. कमल स्वरूप यांनी 'ओम दर-ब-दर' (१९८८) हा आजही धड सांगता न येणारा चित्रपट केला, आणि तो चित्रपटगृहात यायला २०१४ उजाडावे लागले. बिनोद प्रधान यांनी 'जाने भी दो यारो' (१९८३) चित्रित केला. त्यातले मेलेल्या महापालिका आयुक्ताला द्रौपदी करून रंगलेले महाभारत कोण विसरेल? हिंदीतल्या अतिवास्तव उपहासाची एक शाखा मराठी नाटकावरच्या या चित्रपटापाशी येऊन मिळते, आणि मराठी चित्रपटाने मात्र ती पुढे वाढवली नाही.

याच काळातला दुसरा चित्रपट शेजारी ठेवला म्हणजे माझा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. अमृत नाहटा हे बाडमेरचे काँग्रेसचे खासदार. त्यांनी काढलेला 'किस्सा कुर्सी का' १९७५ मध्ये सेन्सॉरकडे गेला. मुकी जनता, खुर्चीवर चढलेला गंगाराम, पक्षाचे चिन्ह म्हणून मोटारगाडी असा सारा मामला. आणीबाणीत त्याच्या प्रती आणि निगेटिव्ह जप्त होऊन नष्ट केल्या गेल्या. १९७९ मध्ये खालच्या न्यायालयाने संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ल यांना त्याबद्दल दोषी ठरवले, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. नाहटांनी १९७८ मध्ये चित्रपट नव्याने चित्रित करून प्रदर्शित केला. तोवर ज्यांच्यावर तो होता ते सत्तेवरून गेले होते, आणि चित्रपटाची धारही गेली होती.

नाहटांच्या धाडसाविषयी दुमत नाही. चित्रपटासाठी एवढी किंमत मोजणारे निर्माते हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. पण ज्या चित्रपटाचा आनंद 'हा म्हणजे तो' हे ओळखण्यात असतो, त्याचे आयुष्य 'तो'च्या कारकिर्दीइतकेच. हे रूपक आहे, आणि रूपकाला किल्ली असते. किल्ली फिरवली, कुलूप उघडले, आत काय आहे ते कळले, संपले. अतिवास्तवाला किल्ली नसते. नाना फडणवीस म्हणजे कोण, याचे उत्तर दर पिढीला वेगळे मिळते. कधी ते सत्तेवरच्या माणसाकडे बोट दाखवते, कधी विरोधातल्या. भिंत म्हणजे कोण, याचे उत्तर मात्र दर वेळी तेच मिळते, आणि ते प्रेक्षागृहातच बसलेले असते. नेत्याला हसवणारे चित्रपट पुष्कळ निघतील. भिंतीला हसवून मग गप्प करणारा चित्रपट विरळा.

चार्ली चॅप्लिनचे उदाहरणही इथे उपयोगी पडते. 'द ग्रेट डिक्टेटर' (१९४०) त्याने स्वतःच्या पैशांनी काढला. हुकूमशहा पृथ्वीच्या गोळ्याशी फुग्यासारखा नाचतो, तो प्रसंग चित्रपटाच्या कथानकाला अजिबात आवश्यक नाही. आणि आज चित्रपटातले तेवढेच बहुतेकांना आठवते. ज्याला निर्मात्याला उत्तर द्यायचे असते, त्याच्या हातून असे अनावश्यक प्रसंग आधी कापले जातात. म्हणून 'स्वतंत्र' आणि 'अतिवास्तव' ही दोन विशेषणे एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत. चॅप्लिनने पुढे आत्मचरित्रात नोंदवले की छळछावण्यांची खरी भीषणता त्याला तेव्हा ठाऊक असती, तर तो चित्रपट त्याच्या हातून झाला नसता. हसण्याला सीमा असते याची ही कबुली आहे, आणि उपहास करणाऱ्या प्रत्येकाने ती डोळ्यांपुढे ठेवावी.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आमच्या भागातून अधिक जोराने येतो. अतिवास्तव वगैरे पुण्या-मुंबईच्या आणि युरोपच्या गोष्टी. खेड्यातल्या प्रेक्षकाला सरळ गोष्ट हवी. मला हा आक्षेप अज्ञानमूलक वाटतो. आंद्रे ब्रेतोंचा जाहीरनामा १९२४ चा. त्याच्या कित्येक शतके आधीपासून एकनाथांची भारुडे गावोगाव अशक्य चित्रे उभी करून नीती सांगत आहेत, आणि ती कळली नाहीत अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या पट्ट्यात, दंडार आणि खडी गंमत हे प्रकार अजून पूर्ण विझलेले नाहीत. तिथे पुरुष बाई होतो, एक पात्र क्षणात दुसरे होते, राजा आपल्याच दरबारातल्या सोंगाड्याकडून मार खातो, आणि पुराणातला प्रसंग चालू असताना मध्येच सरपंचाला टोला बसतो. प्रेक्षक गोंधळत नाही. टोला कोणाला बसला, हे त्याला चांगले कळते, कारण सरपंच पुढच्या रांगेत बसलेला असतो.

त्याहून महत्त्वाचे या रंगभूमीचे अर्थकारण. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक होते. वडसा (देसाईगंज) हे मंडळ्यांचे ठाणे. गावातले एखादे मंडळ तिथल्या कंपनीशी प्रयोग ठरवते, तिकिटे विकते, नफातोटा सोसते. शासकीय अनुदानाची वाट न पाहता चाललेला हा व्यवहार आहे. 'युक्त'च्या तरुणांनी सहकाराची जी कल्पना कर्ज काढून राबवली, तिचे एक देशी रूप आमच्या शेतात दर हिवाळ्यात मांडव घालून उभे राहते. मग याच वाटेने चित्रपट का होऊ नये? दहा गावांच्या मंडळांनी थोडे थोडे पैसे घालावेत आणि मंडईच्या रात्री पडदा लावून तो दाखवावा, ही कल्पना स्वप्नाळू वाटेल. परंतु दहा गावांत विभागलेला निर्माता विकत घेणे कोणाही पुढाऱ्याला एका निर्मात्यापेक्षा अवघड जाते, एवढे तरी खरे. अडचणी आहेतच. चित्रपटाला प्रमाणपत्र लागते, आणि मंडळाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी जे अपील न्यायाधिकरण होते ते २०२१ मध्ये रद्द झाल्यापासून निर्मात्याला थेट उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. गोंदियाहून ती पायरी किती लांब आहे, ते गोंदियाकरांना विचारा.

आता नागझिरा. १९७० मध्ये अभयारण्य झालेले सुमारे १५२ चौरस किलोमीटरचे हे जंगल डिसेंबर २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. इथे जन्मलेल्या एका वाघाचे नाव 'शोले'तल्या नायकावरून 'जय' ठेवले गेले. २०१३ मध्ये तो नद्या, रस्ते, शेते ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला आणि तिथे त्याचे एवढे प्रस्थ वाढले की पर्यटक त्याच्या नावाने येऊ लागले. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. एप्रिल २०१६ नंतर तो कोणाला दिसला नाही. मग शोधपथके निघाली, वृत्तवाहिन्या आल्या, लोकप्रतिनिधींची पत्रे गेली, केंद्रीय अन्वेषण विभागाकडून चौकशी व्हावी अशी मागणी झाली. वाघ सापडला नाही.

ही गोष्ट जशीच्या तशी कोणी कथेत लिहिली असती, तर आपण तिला अतिवास्तव म्हटले असते. ज्या राज्यात पुढाऱ्याला वाघ म्हणण्याची हौस फिटत नाही, तिथे वाघच पुढाऱ्यासारखा नामांकित होतो, मतदारसंघ बदलतो आणि एके दिवशी बेपत्ता होतो. त्याच्या मागे उरते ती पत्रकबाजी. म्हणून मी म्हणतो की आमच्याकडे अतिवास्तव बाहेरून आणावा लागत नाही. तो बातमीतच असतो. वास्तववादी दिग्दर्शक त्याला 'न पटणारे' म्हणून गाळून टाकतो, एवढेच.

समजा, कोणी तरुणाने हे उलटे केले. नेताच नागझिऱ्यात आला आणि दिसेनासा झाला. पिटेझरीच्या फाटकातून गाड्यांचा ताफा आत गेला, चोरखमाऱ्याच्या फाटकातून बाहेर आला, आणि मधल्या गाडीतली खुर्ची रिकामी. पुढे चित्रपटात नेता नाहीच. फक्त त्याचे फलक, त्याच्या नावाने चालणारे फोन, त्याच्या सहीची पत्रे, त्याच्या वाढदिवसाचा केक. कार्यकर्ते, कंत्राटदार, वार्ताहर, आणि हो, संस्थेत नोकरी टिकवणारे आम्ही प्राध्यापकही, सगळे मिळून तो आहेच असे वागतात. कोणी कोणाला फसवत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक आहे. हीच ती भिंत, आमच्या मातीत उभी राहिलेली. नेत्याचा चेहरा एकदाही न दाखवता त्याच्यावरचा चित्रपट पुरा होतो, आणि 'हा म्हणजे अमुक' असे म्हणत कोर्टात जाणाऱ्याला आधी टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून पाहावी लागते.

असा चित्रपट करणाऱ्याला दोन पथ्ये सांगावीशी वाटतात. पहिले भाषेचे. मराठी पडद्यावर वैदर्भी बोली आली की ती बहुधा हसे करायला येते. झाडीबोली बोलणारे पात्र आले की ते भोळे किंवा मूर्ख असणार, हे प्रेक्षकाने गृहीत धरलेले असते. उपहासपटाने हे समीकरण उलटवले पाहिजे. हसू यावे ते 'विकासाची गंगा', 'कटिबद्ध', 'शेवटच्या घटकापर्यंत' या भाषणी प्रमाण मराठीचे. बोली बोलणाऱ्या म्हातारीचे साधे वाक्य त्या भाषणाशेजारी ठेवले की पुरे. वेगळा विनोद करायची गरज पडत नाही. मराठीच्या अध्यापकांना हे काम कोणा दिग्दर्शकापेक्षा चांगले जमावे.

दुसरे पथ्य अधिक कठीण. प्रकल्पाच्या कडेला जी गावे आहेत, तिथल्या बायका मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करायला जंगलात जातात, आणि वाघ त्यांच्यासाठी प्रतिमा नसून प्रत्यक्ष प्राणी आहे. वाघ आणि नेता यांच्या प्रतीकांशी खेळताना त्या बायका पार्श्वभूमी होऊन उरल्या, तर तो चित्रपट नेत्याच्या फलकापेक्षा वेगळा राहणार नाही. फलकावरही त्या मागेच असतात, लहान आणि हसऱ्या. भिंतीला हसायचे, ते आडोसा देऊन आपला वाटा घेणाऱ्यांना. भिंतीखाली चिरडलेल्यांना हसणारा उपहास कितीही अतिवास्तव असला तरी दरबारीच.

जंगलात चित्रण करायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. वन्यजीवांच्या दृष्टीने तो नियम योग्यच आहे. पण सरकारी लवाजम्याची थट्टा करायला सरकारी परवान्याचा अर्ज भरावा लागणार, आणि अर्जात 'चित्रपटाचा विषय' या रकान्यापुढे काहीतरी लिहावे लागणार. घाशीरामाच्या पुण्यातही प्रत्येक गोष्टीला परवाना लागत असे. त्या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न मी वर्गात पटकथालेखनाचा पहिला स्वाध्याय म्हणून देतो. 'वन्यजीव' असे उत्तर बहुतेक मुले देतात. खोटे म्हणता येत नाही.